हीटरच्या दांडीची गाठ

ती आली होती दोन क्लॅम्प आणि हातभर रबरी पाइप न्यायला. काम एवढंच. यंदाच्या जानेवारीतला दुसरा शनिवार, दिवेलागण झालेली. मी शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि ती वाकून आत शिरली. माझी सगळीच गिऱ्हाइकं अशी येतात. मी शटर ओढायला घेतलं की अख्ख्या गावाला आठवतं, अरे, आपल्याला काहीतरी हवंय.

बसा रे, शेगडीजवळ सरका. धुकं उठल्याशिवाय तुम्हाला चढावर कोणी सोडणार नाही, आणि गाड्या माझ्या आवारात नीट लागल्यात. तसा मी झोपणारच होतो. पण मघाशी तुमच्यातला एक जण म्हणाला ना, की चढावर मी हीटर बंद ठेवतो, इंजिनाला दम राहतो? ते ऐकलं आणि माझी झोप उडाली. तेव्हा आता ऐकूनच जा. हे माझ्या ओळखीच्या बाईच्या बाबतीत घडलंय. तिनं सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही. पदरचं घालायची सवय मला फक्त दुकानात आहे.

ती म्हणजे काकांची पुतणी. काका तुम्ही पाहिले नसतील, नाव मात्र ऐकलं असेल. जुनी डिझेल व्हॅन, पुढं नाक निघालेली, दुधाचे कॅन भरून रोज रात्री चढ ओलांडायचे. माणूस कामाला वाघ, बोलायला सुरी, आणि हट्टाला तर काही विचारूच नका. उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच इंजिनाच्या पंख्यात गेली होती. त्यामुळं त्यांची गाठ सगळ्या जगाहून वेगळी. उलट्या बाजूनं पीळ घालायचे, टोक खालून फिरवून आत खोचायचे. माझ्या दुकानातलं पुडकंसुद्धा माझ्या हातून हिसकावून स्वतः बांधायचे. म्हणायचे, "शेठ, तुझी गाठ घरी पोचेपर्यंत सुटते. माझी सोडवायला पातं लागतं." आणि खरंच लागायचं. मी स्वतः नखं तोडून घेतलीयत त्यापायी.

त्यांचा एक समज होता. हीटर लावला की इंजिनाचा दम जातो.

मी त्यांना किती वेळा समजावलं. अहो, इंजिन तापतं, त्याचं पाणी तापतं, ती धग तशीही रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. त्यातलंच थोडं पाणी डॅशबोर्डच्या मागं एका छोट्या रेडिएटरमध्ये फिरवायचं, मागून पंखा लावायचा, की केबिन ऊबदार. फुकटची ऊब! व्यापारी माणूस फुकट शब्द तोंडातून काढत नाही, तरी मी काढला. काका म्हणाले, "तू पार्ट विक. गाडी मला शिकवू नकोस."

त्या गाडीत डॅशबोर्डवर एक दांडी आहे. एका टोकाला निळा रंग, एका टोकाला लाल. लाल म्हणजे गरम पाण्याचा नळ उघडा, निळा म्हणजे बंद. काकांनी ती दांडी निळ्याकडे ओढून फडक्यानं बांधून टाकली होती. लाल चौकडीचं फडकं, एका कोपऱ्यात विडीनं जळालेलं भोक. गाठ अर्थात त्यांची. वर्षानुवर्षं ती दांडी हलली नाही.

दोन हिवाळ्यांमागं एका पहाटे काका चढावर सापडले. गाडी नीट बाजूला घेतलेली. हँडब्रेक ओढलेला. काका स्टिअरिंगमागं बसलेले, हात काखेत, गुडघे पोटाशी. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. असेल. ज्यांनी त्यांना बाहेर काढलं ते म्हणाले, गुडघे सरळ होत नव्हते.

गाडी ओढून आणायला मी गेलो होतो. का कोण जाणे, मला ते फडकं बघवेना. गाठ सुटेना म्हणून पात्यानं कापलं, आणि इथं येऊन ह्याच शेगडीत घातलं. जळेपर्यंत उभा होतो.

आता पुतणीचं ऐका. बाप लहानपणी गेला, काकांनी वाढवलं. खायला-ल्यायला कमी केलं नाही, हेही सांगतो, मेलेल्या माणसावर अन्याय नको. पण गाडीच्या बाबतीत तिला दोनच कामं. पॅडल दाबायचं आणि गप्प बसायचं. गाडीच्या पाण्यात हवा अडकली की ती काढायला दोन माणसं लागतात, तुम्हाला माहीतच आहे. एक बाहेर बॉनेटमध्ये, एक आत पॅडलवर. बाहेरचा ओरडतो "दे!", आतला दाबतो, इंजिन चढतं, पाण्याला जोर येतो, हवा बुडबुडत बाहेर पडते. बाहेरचा ओरडतो "सोड!", आतला सोडतो. काका बाहेर, पोरगी आत. पाय पोचत नव्हते तेव्हापासून. पण गाडी सुरू करायची वेळ आली की, "चल, उतर खाली. माझ्या गाडीचं स्टिअरिंग तुझ्यासाठी नाही. माझ्यामागं ही गाडी कुणाच्या हातानं चालणार नाही."

ती दुसऱ्याच्या टेम्पोवर शिकली. चोरून. लायसन्स काढून आणलं तेव्हा काका आठवडाभर बोलले नाहीत.

काका गेले, तर चुलतभाऊ म्हणाला, गाडी भंगारात घालू. पुतणी म्हणाली, "दादा, मला एक हिवाळा दे. नाही जमलं तर मी स्वतः ढकलत नेईन भंगारवाल्याकडं."

"आणि एका हिवाळ्यात काय भरणार आहेस त्यात?"

"पिल्लं."

उबवणी केंद्रातून एका दिवसाची कोंबडीची पिल्लं चढापलीकडच्या पोल्ट्रीत न्यायची. हिवाळ्यात ते काम कुणी घेत नाही. पिल्लाला स्वतःची ऊब नसते. गाडी गार पडली की खोकीच्या खोकी आडवी होतात. उबवणी केंद्राच्या बाईनं स्पष्ट सांगितलं होतं, एक खेप मेली की काम बंद. म्हणजे काम गेलं की गाडी गेली. सगळा जीव त्या हीटरवर.

मग तिनं तो हीटर असा काही उघडला, की काय सांगू! माझ्याच आवारात, भर दुपारी. सगळे पाइप सोडले, छोट्या रेडिएटरमध्ये उलट्या बाजूनं पाणी मारलं. आतून जे निघालं ते बघून मी तोंड फिरवलं. काकांनी जन्मभर विहिरीचं साधं पाणी घातलेलं, आत गंज होऊन चिखल झाला होता. नळ गच्च जाम. नवा नळ घेतला. पंख्यात उंदरानं संसार थाटलेला, तो हलवला. दांडीच्या केबलला ग्रीस लावलं. चांगलं कूलंट भरलं. शेवटी हवा काढायची वेळ आली, तेव्हा पॅडलवर माणूस हवा. आसपास मीच.

आता माझा देह तुम्ही बघताच आहात. स्टिअरिंग आणि पोट यांच्यात वर्तमानपत्र शिरत नव्हतं. ती बाहेरून ओरडतेय, "दे!" मी दिलं. "अहो शेठ, हळू! इंजिन आहे ते, तुमचं गिऱ्हाईक नाही पिळायला!" मग "सोड!", मग पुन्हा "दे!" मला अरेतुरे करतेय आणि तिच्या लक्षातही नाही. कामातली हाक ती. तिला तशीच माहीत होती, जशी काकांनी दिली तशी.

मी एकच गोष्ट तिला सांगितली. दोन पाइप आहेत, दोन्ही बदल. पुढचा बदलला तिनं. मागचा हाताला येत नव्हता. म्हणाली, "हा अजून चांगला आहे शेठ. नंतर बघू." जोडीतला एक बदलायचा आणि एक तसाच ठेवायचा, ही चूक आपल्याच धंद्यातली माणसं करतात. बाहेरचा माणूस करणार नाही, कारण त्याला दुसरा कुठं आहे तेच माहीत नसतं.

असो. पिल्लांचं काम सुरू झालं. आणि पंधरवड्यातच ती दुकानात हजर. "शेठ, केबल ढिली आहे. चढावर दांडी आपोआप निळ्याकडं सरकते."

मी नवी केबल दिली. काही दिवसांनी पुन्हा आली. "पुन्हा सरकते. तिथंच. बाकी कुठं नाही."

मी दुसरी दिली, जाड. व्यापारी माणूस, मनात म्हटलं, भूत असलं तरी आपल्याला परवडतंय. हसा. मीही हसलो होतो तेव्हा.

तर त्या शनिवारी ती तिसऱ्यांदा आली. क्लॅम्प आणि पाइप. मागचा पाइप फुगलाय म्हणाली, आजची खेप झाली की उद्या बसवते. मी विचारलं, "आणि केबल?"

"केबल चांगली आहे तुमची. माणूस हट्टी आहे."

"कोण माणूस?"

ती पुडकं बघत राहिली. मी बांधत होतो ते. म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे कोण."

मी म्हटलं, "पोरी, आजची रात्र राहू दे. धुकं आहे, कडाका आहे. उद्या जा."

"पिल्लं आज अंड्यातून बाहेर आलीत. ती उद्यापर्यंत थांबतात होय? आणि मी का थांबू? काका जिवंत होते तोवर त्यांचं ऐकलं. आता मेल्यावरही ऐकायचं?"

आणि वाकून शटरखालून गेली.

रात्री दहाच्या पुढं ती चढाला लागली. मागं खोकी रचलेली, मध्ये नुसती जाळी, म्हणजे पुढची ऊब मागं जाते. पिल्लं ऊब असली की हळू कुजबुजतात. आपण देवळाबाहेर चपला काढताना बायका बोलतात ना, तशी. गार वाटलं की ओरडतात. आणि फारच गार पडली की...

हं. ते येईलच.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. धुकं काचेला टेकलेलं. हीटरचा पंखा घरघरतोय, पायाला छान धग लागतेय. तिची नजर दांडीवर. दांडी लाल टोकाला.

तिसरं वळण आलं, जिथं काकांनी गाडी बाजूला घेतली होती.

दांडी हलली.

गचका बसून नव्हे. खड्डा नव्हता. सावकाश. कुणी बोट लावून ओढावी तशी. लालकडून मध्ये. मधून निळ्याकडे.

पायावरची धग गेली.

तिनं दांडी लालकडे ढकलली. ती परत आली. पुन्हा ढकलली. परत आली. तेव्हा तिनं डावा हात दांडीवर ठेवला तो ठेवलाच, आणि एका हातानं स्टिअरिंग धरून चढ चढायला लागली. दात आवळून. तिच्या हाताखाली दांडी ओढ घेत होती. म्हणाली, शेठ, दोरीला बांधलेलं वासरू ओढ घेतं ना, तशी. मी सोडली नाही.

आणि फट्.

बॉनेटमधून वाफेचा लोट. मागचा पाइप गेला. नळ उघड-बंद, उघड-बंद, पाण्याला धक्के बसले आणि जिथं दुबळं होतं तिथं फुटलं.

तिनं गाडी बाजूला घेतली. कुठं घेतली ते वेगळं सांगत नाही.

पिल्लं ओरडायला लागली. सगळी एकदम.

पण पोरगी रडत बसली नाही. हातातली बॅटरी बॉनेटच्या काडीला टांगली, वाफ ओसरू दिली, हात भाजून घेत फुटका पाइप काढला, माझ्याकडचा नवा बसवला, दोन्ही क्लॅम्प आवळले. बरोबर पाण्याची बाटली ठेवते, ती अर्धी ओतली. इंजिन सुरू केलं. काटा वर आला. दांडी लालकडे केली, पंखा लावला, हात धरला.

गार वारा.

इंजिन गरम, हीटर गार. म्हणजे काय? हवा अडकली. पाइप बदलला की अडकतेच. हवा काढायचा स्क्रू ढिला करायचा, एका हातानं स्क्रू, दुसऱ्या हातानं वरून पाण्याची धार चालू ठेवायची. आणि तिसरा हात... दुसरा माणूस म्हणा... पॅडलवर.

ती एकटी.

तरी ती बॉनेटमध्ये वाकली. करणार काय? मागं पिल्लांचा आवाज बदलत होता. आधी सगळी ओरडत होती. आता काहीच ओरडत होती.

तुम्हाला ठाऊक आहे, बॉनेट वर केलं की समोरची काच दिसत नाही. आत कोण बसलंय ते दिसत नाही. नुसती पत्र्याची भिंत. त्या भिंतीकडे तोंड करून तिनं स्क्रू ढिला केला. बाटली तिरकी धरली. आणि सवय हो, नुसती सवय. तोंडातून गेलं...

"दे!"

इंजिन चढलं.

...

तिला आधी वाटलं, इंजिन स्वतःच चढलं. जुनी गाडी, चढतं कधी कधी. स्क्रूतून बुडबुडे आले, फुस् फुस्. हवा निघत होती. तिच्या तोंडातून पुढचा शब्दही गेला.

"सोड."

इंजिन उतरलं.

बाटली धरलेला हात तसाच राहिला.

वारा नव्हता. धुक्यात बॅटरीचा पिवळा गोळा. पत्र्याच्या पलीकडे... काही नाही. सीटची स्प्रिंग वाजली. एकदा. माणूस अंग सावरून बसतो तशी.

तुम्ही काय केलं असतं? तू? तू पळाला असतास, आणि मी तुझ्या पुढं असतो.

ती पळाली नाही. तिनं पुन्हा हाक दिली. ह्या वेळी सवयीनं नाही. नीट, ठणकावून.

"दे!"

काही नाही.

"दे म्हणते ना!"

इंजिन आपलं घुर्र... घुर्र. आणि मग आतून एक छोटा आवाज.

टक्.

दांडी निळ्याकडे गेली होती. तो आवाज तिनं ह्या हिवाळ्यात प्रत्येक खेपेला ऐकलेला. झोपेतही ओळखला असता.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. भीती कुठं गेली कुणास ठाऊक. शेठ, म्हणाली, माझ्या अंगात इतकी वर्षं जे साठलं होतं ना, ते सगळं जिभेवर आलं. पत्र्याकडे बघून बोलायला लागली.

"काका, ऐका. जन्मभर मी आत बसले आणि तुम्ही बाहेर. तुम्ही दे म्हणालात, मी दिलं. सोड म्हणालात, सोडलं. का, कशाला, एकदा विचारलं नाही. आज मी बाहेर आहे. पाना माझ्या हातात आहे. गाडी मी उघडली, मी धुतली, तुमचा सगळा गंज मी काढला. तुम्हाला बसायचंय ना तिथं? बसा. पण बसलात तर काम करायचं. नाहीतर उतरा खाली!"



"उतर खाली" हे तिनं किती वेळा ऐकलं होतं. म्हणायची वेळ पहिल्यांदा आली.

सीट वाजली नाही. इंजिन चढलं नाही. घुर्र... घुर्र...

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दुसरा आवाज येत नाहीये.

पिल्लांचा.

एकाचाही नाही.

ती म्हणाली, शेठ, तोवर मी ओरडत होते. ते गप्प झाल्यावर माझा आवाजच बसला. हळू बोलले. कानाला लागून बोलावं इतकं हळू.

"काका... मागं पिल्लं आहेत. गारठतायत. गारठून जाणं कसं असतं... ते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

...

...

किती वेळ गेला तिला सांगता येत नाही. बाटलीतलं पाणी तिच्या मनगटावरून बाहीत जात होतं, तेही तिला नंतर कळलं.

मग...

टक्.

आणि इंजिन चढलं. हळू. ज्याला इंजिन कळतं त्याच्याच पायानं चढावं तसं. माझ्यासारखं नव्हे. पाण्याला जोर आला, स्क्रूतून बुडबुडे, बुडबुडे, थुंकी उडावी तसं पाणी, मग नुसती धार. अखंड. हवा संपली. तिनं स्क्रू आवळला.

"सोड."

इंजिन उतरलं.

आता बॉनेट खाली घ्यायचं होतं. म्हणजे काच समोर येणार. ती म्हणाली, सगळ्या रात्रीत तेवढा एक क्षण मला जड गेला. पाना खिशात घातला. डोळे मिटले नाहीत. काडी काढली. बॉनेट सोडलं.

काच आतून वाफेनं पांढरी झालेली. पलीकडचं काही दिसेना.

ती दाराशी गेली. दार उघडलं. गरम वारा तोंडावर आला. सीट रिकामी. हात लावला तर बर्फ. सगळी केबिन भट्टीसारखी तापतेय आणि ती एवढी सीट बर्फ.

तिनं काय केलं असेल?

म्हणाली, "सरका पलीकडं."

आणि बसली.

पलीकडच्या सीटची स्प्रिंग वाजली म्हणतात... नाही, ते मी सांगत नाही. ते तिनं नक्की सांगितलं नाही, आणि मी कबूल केलंय पदरचं घालणार नाही म्हणून.

गियर टाकला. गाडी हलली. एक वळण गेलं, मागं काही नाही. दुसरं गेलं. मग जाळीच्या अगदी जवळच्या खोक्यातून एक... चिव. बस. एवढंच. मग त्याच्या शेजारून. मग एकमेकांत कुजबूज. तिला गाडी चालवताना समोरचं दिसेना, पण तो धुक्याचा दोष नव्हता.

उतारभर ती काकांना बोलत राहिली. लायसन्सवरून अबोला धरला होतात त्यावरून. विहिरीच्या पाण्यावरून. एकदा शाळेच्या समारंभाला आला नाहीत त्यावरून. उत्तर आलं नाही. काका जिवंतपणीही चूक कबूल करणाऱ्यातले नव्हते.

पहाटे पोल्ट्रीवाल्यानं खोकी उघडली. वरच्या खोक्यातली थोडी गेली होती, प्रत्येक खेपेला जातात तेवढीच. बाकी सगळी उभी, तुरुतुरु. पोल्ट्रीवाला म्हणाला, "बाई, आज कडाका होता, मी तर आशा सोडली होती." ती म्हणाली, "मीही सोडणार होते, पण गाडीत ज्येष्ठ माणूस होतं." त्याला वाटलं, असेल कुणी घरचं. होतंच की.

खेप वाचली. काम टिकलं. गाडी अजून तिच्याकडं आहे. चुलतभाऊ आता भंगाराचं नाव काढत नाही, उलट मागं बसून खोकी मोजायला जातो. त्याला पॅडलवर बसवते ती. "दे" म्हटलं की देतो बिचारा.

पण मी सांगत होतो ते हे नव्हे.

त्या सकाळी ती परस्पर माझ्याकडं आली. मी शटर वर करत होतो. गाडी दारात, इंजिन चालू. तिचा हात भाजलेला, बाही ओली, डोळ्याला डोळा नाही. मी म्हटलं, आधी चहा घे. तिनं चहा घेतला, उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसं. मी ऐकलं. खरं सांगू? मला वाटलं, पोरगी थकलीय. थंडीत, एकटी, रात्रीची, माणसाला काय काय वाटतं. एक्सिलरेटरची तार अडकत असेल. जुनी गाडी आहे. आत्ता तुझ्या तोंडावर जे आहे ना, तेच माझ्या तोंडावर होतं.

तिनं ते ओळखलं. म्हणाली, "शेठ, पोल्ट्रीत माल उतरवल्यावर हीटर बंद करायला हात घातला. रात्री हवा काढून परत बसले तेव्हा डॅशबोर्डचा दिवा गेलेला होता, अंधारात दिसलं नव्हतं. तुम्ही जरा बाहेर या."

"का?"

"या तर."

मी गेलो. दार उघडून डोकं आत घातलं. केबिन नुसती तापलेली, चष्म्यावर वाफ धरली. पुसला. मग दिसलं.

दांडीला फडकं बांधलं होतं.

लाल चौकडीचं. कापलेलं नाही, जोडलेलं नाही, अख्खं. एका कोपऱ्यात विडीनं जळालेलं भोक. जे मी पात्यानं कापलं आणि ह्या शेगडीत घालून जळेपर्यंत बघत उभा राहिलो, ते. पीळ उलट्या बाजूनं. टोक खालून फिरवून आत खोचलेलं.

मी नखानं सोडवून बघितलं. ती म्हणाली, "नका. राहू द्या."

गाठ काकांचीच. फक्त दांडी लाल टोकाला बांधलेली होती.